पांढरं झबलं आणि ऑस्ट्रियाचं पुडिंग

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — खरंच माहीत नाही.

भावाच्या सिंगापूरमधल्या सेम्बावांगच्या फ्लॅटवर भाचीचं बारसं होतं. आत्या मी, म्हणजे कानात नाव सांगायचा मान माझा. मिरवायची हौस तर विचारूच नका! मैत्रिणीकडून शिकलेलं ऑस्ट्रियाचं चॉकलेट पुडिंग मी करून नेलं — वाफवलेलं, काळंभोर, वर पांढरंशुभ्र क्रीम. तिकडे त्याचं जुनं नाव ‘शर्टातला काळा माणूस’. त्यावरून वाद झाले, कित्येकांनी ते नाव टाकलं, हेही मैत्रिणीने सांगितलं होतं. मला हसू आलं होतं. एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ?

स्वयंपाकघरात बायकांना मी ते नाव सांगितलं. आणि मग — दारातून पाळणा दिसत होता, पांढऱ्या झबल्यातली सावळी पोर दिसत होती — मी म्हणाले, "आमच्याकडेही आहे की एक!" सगळ्या खळखळून हसल्या. मीही हसले.

संध्याकाळी ते वहिनीच्या कानावर गेलंच. ती स्वतःही सावळी. कोण म्हणालं, एवढंच तिने विचारलं.

मी म्हणाले — आई.

आई! जी तेव्हा पाहुण्यांना आणायला खाली गेली होती. जीभ जराही अडखळली नाही. इतकं सहज येतं का हे माणसाला? आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

वहिनी भांडली नाही. आई पुण्याला परतली. पुढे तिने व्हिडिओ कॉल केला की बाळ नेहमी झोपलेलं असायचं. "माझं काय चुकलं गं?" आई विचारायची — मला! मी म्हणायचे, वहिनी कामात असेल. नातीला पुन्हा न बघताच आई गेली.

परवा भाचीला घेऊन मरीन परेडच्या एका कॅफेत गेले होते. शाळेत जाते आता. मेन्यूवर तेच पुडिंग, नाव मात्र नवं, साधं. मी तेच मागवलं. ओठांवरचं क्रीम चाटत ती म्हणाली, "आत्या, पुण्याची आजी डिडंट लाइक मी, राइट? बिकॉज आय ॲम डार्क."

आई आता नाही. वहिनी समोर नव्हती. खरं सांगायला कुणाची आडकाठी होती?

मी ‘हो’ म्हणाले.