अण्णा, वास्तुशांत आणि अपडेट

आमच्या घरी एक कॉम्प्युटर आहे. तो चालू होतो. तो चालतो, असं मी म्हटलेलं नाही.

पूर्वी तो बरा होता. मग त्याच्यात नवी सिस्टिम आली. आली म्हणजे मी आणली नाही, कंपनीनेच एका सकाळी परस्पर घुसवली. तेव्हापासून त्याचं अंग सुटलं. नुसतं एक पत्र टाइप करायला बसलं, तरी आधी तो हवामान सांगतो, मग बातम्या, मग कुठलासा पत्त्यांचा खेळ. व्हायरसची भीती म्हणून मी त्यात एक अँटीव्हायरस घातला. त्या अँटीव्हायरसवर भरवसा नव्हता, म्हणून दुसरा घातला. तेव्हापासून त्या दोघी जावा एकमेकींवर पाळत ठेवून असतात आणि चोर मागच्या दाराने ये-जा करतात.

सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. तिथे कॉम्प्युटरसमोर बसणारा मी एकटाच, त्यामुळे घरात या विषयातला अधिकारी पुरुष मीच, असा माझा समज होता. (घरातल्या कुणाचाच नव्हता.)

तर माझ्या धाकट्या भावाने, सुधीरने, कॅनडात घर घेतलं. आमचे अण्णा पौरोहित्य करणारे. पंचवटीपासून सातपूरपर्यंत कितीतरी घरांच्या वास्तुशांती त्यांनी केलेल्या. पण आता गुडघे गेले, विमानाला डॉक्टरांनी साफ नकार दिला. सुधीरने फोनवर चाचरत सांगितलं, "अण्णा, इथे एक गुरुजी मिळतात."

अण्णांनी फोन ठेवून दिला. दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी आईला म्हणाले, "सगळ्या नाशिकची घरं मी शांत केली, आणि पोटच्या पोराच्या घरात भलताच माणूस उदक शिंपडणार!"

मला राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, तुम्हीच सांगा वास्तुशांत. इथून. कॉम्प्युटरवर!"

मेघना, म्हणजे आमची ही, स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, मोबाइलवरच करा ना व्हिडिओ कॉल. डब्याला टेकवून ठेवला की झालं."

"मोबाइलवर?" मी ओरडलो. "वास्तुशांत आहे ती! मेथी आणू की पालक, हे विचारायचं नाहीये!"

अण्णांनी तयारी सुरू केली. संकल्पात नदी आणि तिचा तीर सांगावा लागतो. आपल्याकडे गोदावरी असते, काम भागतं. अण्णांनी सुधीरला फोन लावला.

"तुझ्याकडे नदी कोणती?"

"अण्णा, नदी लांब आहे. सरोवर आहे."

"कुठल्या तीरावर राहतोस?"

"वरच्या."

"वरचा तीर नसतो, गाढवा! उत्तर की दक्षिण?"

दोन दिवस हा प्रश्न चालला. शेवटी स्वप्नाने, सुधीरच्या बायकोने, नकाशा बघून उत्तर तीर कळवला.

रविवार ठरला. आमच्याकडे दिवेलागण, त्यांच्याकडे सकाळ. मी टेबल हॉलमध्ये आणलं, कॉम्प्युटर मांडला. आईने त्याला हळदकुंकू लावलं. मी सगळ्यांना शेवटच्या सूचना दिल्या : घरातले सगळे मोबाइल बंद करून कपाटात ठेवायचे, इंटरनेटवर ताण नको. सुधीरलाही बजावलं, तुम्हीही फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, मध्येच वाजला तर विघ्न! (विघ्न कोण होतं, ते पुढे येईलच.)

कॉम्प्युटर लावला. पडद्यावर आलं, 'थोडं थांबा, तयारी सुरू आहे.'

सोवळं नेसून बसलेले अण्णा म्हणाले, "आमची केव्हाच झाली. याची कसली तयारी?"

एकदाचा कॉल लागला. सुधीर उपरण्यात, स्वप्ना पैठणीत. पायात मात्र दोघांच्याही लोकरी मोजे. अण्णांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, झालं, जिंकलं आपण. संकल्प झाला, गणपतीपूजन झालं. अण्णांचा आवाज खणखणीत लागला होता. आणि तेवढ्यात कॉम्प्युटरमधून एक बाई किंचाळली :

"सावधान! आपका सिस्टम खतरे में है!"

अण्णा दचकले. "कोण ही बाई?"

आईने पडद्यात डोकावून विचारलं, "सुधीर, घरात आणखी कोण आहे रे तुमच्या?"

"कोणी नाही गं आई!" सुधीर म्हणाला. स्वप्नाने त्याच्याकडे पाहिलं.

मी घाईघाईने त्या बाईला बंद केलं. लगेच दुसरा अँटीव्हायरस उठला आणि पहिला अँटीव्हायरस हाच व्हायरस आहे, असं सांगायला लागला. त्यालाही गप्प केलं. अण्णांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि पुढे चालू केलं. होमाची वेळ आली. तिकडे सुधीरने लहानशा तांब्याच्या कुंडात अग्नी पेटवला.

अण्णा म्हणाले, "आता नीट ऐक. तुपाची आहुती घालत राहायची. मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही. खंड पडता कामा नये."

"हो अण्णा."

अण्णांनी हात उंचावला. "स्वा..."

आणि पडद्याच्या मधोमध एक चौकट आली. 'महत्त्वाचं अपडेट. आत्ता करायचं की थोड्या वेळाने?' चौकटीमागे सुधीर दिसेना. मी विचारी माणूस. 'थोड्या वेळाने' दाबलं. आमच्या सिस्टिमच्या हिशेबाने थोडा वेळ तिथल्या तिथे संपला. पडदा निळा झाला. सुधीर गेला, स्वप्ना गेली, होम गेला. उरलं एकच वाक्य : 'अपडेट सुरू आहे. कॉम्प्युटर बंद करू नका.' खाली टक्के.

"अव्या, सुधीर कुठे गेला?" अण्णांनी विचारलं.

"येतोय अण्णा. चौदा टक्के आलाय."

"अहो, मोबाइल काढा!" मेघना ओरडली. मी कपाटाकडे धावलो. मोबाइल चालू होईतो युग लोटलं. सुधीरला लावला. घंटा वाजते, उचलत कोणी नाही. स्वप्नाला लावला, तेच. कसे उचलतील? माझ्याच हुकुमाने दोन्ही फोन दुसऱ्या खोलीत!

अण्णा मात्र थांबले नाहीत. खंड पडू द्यायचा नाही म्हणून निळ्या पडद्यासमोर बसून ते मंत्र म्हणत राहिले. साठ टक्क्यांवर गाडी अडकली आणि माझा संयम सुटला. मी बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला आणि पुन्हा चालू केला. शून्य टक्के!

"आता?" आई म्हणाली.

"आता तो नव्याने सुरुवात करतोय."

"मग आधी काय करत होता?"

याचं उत्तर ती सिस्टिम बनवणाऱ्यांनाही देता येईल असं मला वाटत नाही.

तिकडे काय चाललं होतं, ते नंतर कळलं. सुधीरच्या पडद्यावर अण्णांचं चित्र गोठलं होतं : तोंड उघडं, हात उंच. 'हात वर आहे म्हणजे चालू ठेवायचं,' असं सुधीरने ठरवलं. तो तूप घालत राहिला. स्वप्ना म्हणाली, "अहो, पुरे आता, धूर होतोय!" तो म्हणाला, "अण्णांनी थांब म्हटलेलं नाही." छताला लावलेला, धुराची सूचना देणारा भोंगा वाजायला लागला. तो म्हणाला, "वाजू दे." शेजारच्या बाईंनी धूर पाहिला आणि फोन केला.

इकडे अपडेट संपलं. 'नमस्कार! नव्या सुविधांची ओळख करून घ्या.' मी न वाचता पुढे, पुढे, पुढे दाबत सुटलो आणि कॉल लागला.

पडद्यावर आधी नुसता धूर. मग त्यातून पिवळं शिरस्त्राण घातलेला, दाराएवढा उंच माणूस उगवला. पाठोपाठ दुसरा. भराभर खिडक्या उघडत होते.

आईने हात जोडले. तिला वाटलं, वास्तुपुरुष प्रकट झाला.

"कोण आहेत हे?" अण्णांनी विचारलं.

खोकत सुधीर म्हणाला, "अग्निशमन दल, अण्णा."

अण्णांनी त्या माणसाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"त्यांना म्हणावं, बूट बाहेर काढा."

आणि त्यांनी काढले हो! आग नव्हतीच, नुसता धूर. स्वप्नाने त्यांना शिऱ्याचा प्रसाद दिला. अण्णांनी इथून हात उंचावून आशीर्वाद दिला, तर त्या उंच माणसाने पडद्यासमोर मान लववली.

मग अण्णांनी विचारलं, "सुधीर, मी 'थांब' म्हणालो नव्हतो. तू थांबलास कधी?"

"तूप संपलं तेव्हा, अण्णा."

अण्णा उपरण्याने डोळे पुसत आईला म्हणाले, "जन्मात एकदा ऐकलं कार्ट्याने माझं! धूर फार झालाय हो इथे." (धूर कॅनडात होता.)

ही बातमी नातेवाइकांत पसरली आणि आता परदेशातली मंडळी अण्णांनाच बोलावतात. मेघना मोबाइल धरते, अण्णा सांगतात, सगळं निर्विघ्न पार पडतं. माझं काम एकच. पूजेच्या दिवशी सकाळीच मला देवीच्या दर्शनाला वणीला धाडतात. परवा पुन्हा निरोप आला, "गुरुवारी जाऊन ये."

मी चिडून म्हटलं, "अण्णा, आता कशाला? कॉम्प्युटरची सगळी अपडेटं झालीत!"

अण्णा शांतपणे म्हणाले, "त्याची झाली रे. तुझं व्हायचंय."