दाबाच्या काट्याची नळी

महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांतली एक माझ्या हवाली होती. आदल्या वर्षापर्यंत मी तिच्याच मालकांची घोडागाडी हाकत होतो. घोडा बिघडला की तोंडावरून कळतो. मोटारीचं सगळं काट्यावर. पेट्रोलच्या टाकीत हातपंपानं हवा भरायची, तिचा दाब समोरच्या फळीवरचा काटा दाखवणार, आणि टाकीपासून काट्यापर्यंत काडीएवढी तांब्याची नळी. ती नळी चिरली. हवा निसटू लागली, पेट्रोल इंजिनाकडं चढेना.

मालक म्हणाले, मुंबईहून मागवू. मी म्हणालो, कशाला, मी आहे की.

दवाखान्यातून एक रबरी नळी आणली. तिथं ती कशाला वापरत, हे मालकांना सांगितलं नाही. जवळची वाट म्हणून धुराच्या नळकांड्याला लगटूनच नेली. रंकाळ्यापर्यंत पोचेस्तोवर ती वितळली. मालक नाकाला रुमाल लावून पायी घरी निघाले. जाताना एवढंच बोलले, "सोमवारी मला शिरोळला जायचंय. मोटार निघाली न्हाय, तर पुण्याहून माणूस बोलावतो. तू घोडी सांभाळ."

घोड्यांशी माझं वैर नव्हतं. पण तबेल्यातली मंडळी माझ्या परत येण्याकडे डोळे लावून होती. त्यांना ते सुख द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

तांबटाकडून नळी आणली, गुडघ्यावर दाबून वाकवली, बसवली. पंप मारला; काटा ढिम्म. आणखी मारला. काट्यावर माझा विश्वास दांडगा. शेवटी टाकीच्या झाकणातून पेट्रोलची चिळकांडी फेट्यावर आली, तेव्हा उमगलं: टाकी हवेनं गच्च भरलीय, वाकणात नळीच चेपून बंद झालीय.

मग मान खाली घालून गुडगुडीच्या नळ्या करणाऱ्या चाचांकडे गेलो. त्यांनी माझी नळी उजेडात धरून न्याहाळली.

"पावणं, हिचा गळाच दाबलासा की."

नव्या नळीत त्यांनी बारीक वाळू ठासली, तोंडं बुजवली, तापवत तापवत वळवली. कुठं चेपली नाही. वाळू काढायला मात्र मला बसवलं. कण न् कण निघेपर्यंत गाल फुगवून फुंकत होतो.

रविवार सगळा गाडीखाली गेला. नळकांडं टाळून नळी दुसऱ्या बाजूनं नेली. लांब पडली, पडू दे. लोखंडाला घासू नये म्हणून माझं पायताण कापून चामड्याचे पट्टे मध्ये दिले. हादऱ्यानं चिरू नये म्हणून काट्यामागं एक सैल वेटोळं ठेवलं.

सोमवारी मालक शेजारी बसले. नजर रस्त्यावर नाही, काट्यावर. तो जरा खाली आला की मी पंपाचे दोन दट्टे मारायचो, आणि तो मुकाट वर चढायचा. शिरोळ आलं. मालक उतरले, धोतर झटकलं.

"चारला परत निघायचं. हवा भरून ठेव."

पुण्याच्या माणसाचा विषय त्यांनी काढला नाही. मी कशाला काढतोय?