सप्रेम भे

ती घटना आजही आठवते ती एका अपुऱ्या शब्दामुळे. प्रकरण तसे लहान होते. खून नाही, दरोडा नाही. एक वापरलेला टॅब ऑनलाइन घेतला गेला आणि तो चोरीचा निघाला, एवढेच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि लिहिण्याची सवय पंचनाम्यापुरतीच. त्यामुळे जमेल तसे सांगतो.

मी तेव्हा लातूरला, क्लासेसच्या भागातल्या ठाण्यात निरीक्षक होतो. हद्दीत होस्टेल, खानावळी आणि झेरॉक्सची दुकाने यांचीच दाटी. उन्हाळ्यातल्या एका दुपारी मुखेडच्या एक अंगणवाडी सेविका मुलीला घेऊन आल्या. मुलगी बारावीची, क्लाससाठी लातूरलाच राहणारी. बाईंनी पिशवीतून टॅब काढला आणि टेबलावर उपडा ठेवला.

"साहेब, ह्यो चोरीचा हाय का बघा."

वस्तू गेली म्हणून लोक ठाण्यात येतात. वस्तू आली म्हणून कोणी येत नाही. मी दोघींना बसायला सांगितले.

वापरलेल्या वस्तूंच्या एका साइटवर त्यांनी जाहिरात पाहिली होती. विकणारा होस्टेलच्या गल्लीच्या तोंडाशी भेटला, रोख घेतले आणि बिल नंतर पाठवतो म्हणाला. टॅबला मागून जाड कव्हर चिकटवलेले होते. उन्हाने आणि चार्जिंगच्या गरमीने तीन आठवड्यांत गोंद सुटला, कव्हर निघाले आणि खाली अक्षरे दिसली. भांड्यांवर नाव घालतात तशी, ठिपक्याठिपक्यांची. आधी एका मुलीचे नाव, मग 'हिस मामाकडून सप्रेम भे'. शेवटचा 'ट' नव्हताच.

"विकणाऱ्याला फोन केला का?"

"केला की. म्हनला, नाव काय चावून राहिलं का तुम्हाला? वापरा गुमान. मंग फोनच बंद केला त्यानं."

मुलगी इतका वेळ जमिनीकडे बघत होती. ती म्हणाली, "मी म्हनलं आईला, कव्हर परत चिकटव. कुनाला कळतंय? माझे सगळे लेक्चर ह्याच्यातच हायेत. पंधरा दिवसांवर परीक्षा आली."

"कुनाच्या तरी मामानं दिलंय गं ते," बाई म्हणाल्या.

मी त्यांना स्पष्ट सांगितले, की टॅब चोरीचा ठरला तर मुद्देमाल म्हणून जप्त होईल आणि तुम्हाला परत मिळणार नाही.

"म्हाईत हाय साहेब. म्हनून तर यायला चार दिवस लागले."

टॅब जप्त केला. मुलगी आईशी न बोलता बाहेर गेली.

विकणाऱ्याचे सिमकार्ड दुसऱ्याच्याच नावावर होते. मात्र जाहिरातीतला फोटो बाईंच्या फोनमध्ये होता. त्यात टॅबखाली लाल द्राक्षांच्या चित्रांचे मेणकापड दिसत होते. आमच्या जमादारांनी तो फोटो एका खबऱ्याला दाखवला. दुसऱ्या दिवशी खबर आली. ते मेणकापड एका खानावळीतले होते, आणि होस्टेलच्या मुलांना रूम दाखवणारा एक एजंट तिथे जेवण झाल्यावर वस्तूंचे फोटो काढत बसायचा.

एजंटला बोलावले. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. त्याने खिशातून एक चिठ्ठी काढली. 'मी माझा टॅब राजीखुशीने विकला', खाली एका मुलाची सही.

"पोरं नापास झाली की विकून गावाकडं जातात साहेब. मी घेतो, दुसऱ्याला देतो. आता ते पोरगं कुठं गेलं, मला काय म्हाईत?"

"टॅबवर नाव तर मुलीचं आहे."

"बहिणीचं असंल."

"कव्हर का चिकटवलंस?"

"शोभेला."

तीन दिवस त्याची उत्तरे बदलली नाहीत. सराईत माणूस उत्तरे पाठ करतो आणि खरे बोलणारा अडखळतो, हे माझे निरीक्षण. पण निरीक्षणावर गुन्हा शाबीत होत नाही. मूळ मालक सापडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते, आणि आमच्याकडे टॅब चोरीची एकही तक्रार नव्हती. टॅबमधला पंधरा आकडी नंबर कंपनीकडे पाठवला होता, पण उत्तर आले नव्हते.

बाई जबाबावर सही करायला आल्या तेव्हा पंचनाम्यासाठी टॅब टेबलावर काढला होता. त्या वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "साहेब, ह्यो 'भ' मुखेडच्या चाचाचा हाय. माझ्या रुखवतातल्या समद्या भांड्यांवर असाच पोट फुगलेला 'भ' हाय."

हे चाचा मुखेड, नायगाव, भोकर असे आठवडी बाजार फिरून भांड्यांवर नावे घालत. मुखेडच्या बाजारात जमादारांनी त्यांना गाठले. टॅबचा फोटो बघताच ते हसले.

"हौ साब, आपलंच काम. आमच्या तीन पिढ्यांनी हंडे-घागरी केल्या, पन असलं काम पयलंच. मशीन घर्र केली की मामाचं तोंड पांढरं. 'सप्रेम भे' झालं आन् त्यानं माझा हातच धरला. चाचा, बास, फुटंल! मी म्हनलो, अरे बाबा, 'भे'वर कसं सोडू? लोक मला अडाणी म्हनतील."

चाचांनीच मामाचा पत्ता दिला. मामा नायगावकडचे, पिठाची गिरणी चालवणारे. ते भाचीला घेऊन ठाण्यात आले. टॅब चोरीला गेल्याचे त्यांना माहीतच नव्हते. भाचीने घरी सांगितलेच नव्हते; महिनाभर ती मैत्रिणीच्या वहीवरून अभ्यास करत होती.

मी टॅब ड्रॉवरमध्ये ठेवला होता. ही सवय त्र्याण्णवच्या भूकंपातली. मी तेव्हा नवा शिपाई होतो आणि ढिगाऱ्यातून निघालेली भांडी ज्याची त्याला देण्याच्या कामावर होतो. सगळ्यांचीच घरे गेलेली, त्यामुळे प्रत्येक हंडा प्रत्येकाला आपलाच वाटे. आमचे तेव्हाचे जमादार सांगत, भांडे पाठीमागे ठेव. आधी विचारायचे, मग दाखवायचे. एका आजींना विचारले, तर त्यांनी घागरीवर कोणाचे नाव, काठाला पोचा कुठे, हे न बघता सांगितले. घागर त्यांचीच होती.

"तुझ्या टॅबवर काय लिहिलंय?" मी मुलीला विचारले.

तिने नाव सांगितले, 'मामाकडून सप्रेम' सांगितले आणि थांबली. "पुढं 'भे' एवढंच हाय सर. क्लासमधी सगळे मला 'सप्रेम भे' म्हनून चिडवायचे."

मामा खाली बघत होते. "तरी मी चाचाला म्हनलो होतो, फुटंल म्हनून," ते पुटपुटले. मग भाचीला म्हणाले, "टॅब गेला तर गेला. सांगायचं न्हाई का येडे?"

टॅब रूम बदलताना गेला होता. सामान कोणी हलवले, तेही तिने सांगितले. रूम दाखवणाऱ्या एजंटने. त्याला त्या दिवशी बोलावून बाहेर बसवलेच होते. मी त्याला आत घेतले. मुलीला बघताच त्याने टेबलावरच्या चिठ्ठीकडे हात नेला.

"साहेब, तेवढी चिठ्ठी परत द्या," तो म्हणाला.

तिथेच प्रकरण संपले. चिठ्ठीवरची सही त्याचीच होती. त्याच्या खोलीत आणखी टॅब आणि मोबाईल निघाले. नाव कशावरही नव्हते. पण प्रत्येकात तसाच पंधरा आकडी नंबर होता आणि कंपन्यांची उत्तरे आल्यावर त्यावरून बहुतेकांचे मालक सापडले.

न्यायालयाच्या आदेशाने टॅब मामांच्या भाचीला सुपूर्द झाला. बाईंच्या मुलीने परीक्षा झेरॉक्स नोट्सवर दिली. बाई खरे बोलल्या आणि नुकसान त्यांचेच झाले. मी नियमाने वागलो, तरी हे मला नीट पटले असे आजही म्हणता येत नाही.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला.

"साहेब, नवा टॅब घेतला. नेटवरूनच घेतला, पन कंपनीच्या दुकानाचा, बिलाचा. खोक्यावरचा, बिलावरचा आन् टॅबमधला नंबर जुळवला, मंगच पेटी आनणाऱ्याला जाऊ दिलं. लई वेळ उभा राहिला बिचारा."

"मग चाचांकडून नाव घातलं की नाही?"

"पोरगी घालू देत न्हाई. म्हनती, नंबर हाय की."

"मुलगी बोलते म्हणजे आता."

"बोलती. रिझल्ट लागल्यावर बोलली." मग म्हणाल्या, "तो नंबर मी पाठ केलाय साहेब. विचारा."

मी विचारले. त्यांनी पंधराच्या पंधरा आकडे न अडखळता सांगितले. मी ते लिहून घेतले नाहीत, पण शेवटपर्यंत ऐकले. खरे बोलणारा अडखळतो, असे मी नोकरीभर मानत आलो होतो. त्या दिवसापासून तसे ठामपणे म्हणत नाही.