कमी झालेल्या धुराचं कारण

"धूर मोजाय आलीया म्हणं. वटीत भरून नेती का काय!"

शेजारच्या ओट्यावरची बाई दुसरीला म्हणाली आणि दोघी फिसकन हसल्या. मी न ऐकल्यासारखं केलं आणि ज्यांच्या अंगणात उभी होते त्या मावशींच्या सरपणाची मोळी ताणकाट्याला अडकवली. इंग्रजी शाळेत शिकलेली मी. अशा वेळी मराठीत उत्तर सुचत नसे आणि इंग्रजीत देण्यात अर्थ नसे.

गाव वडूजच्या पुढचं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी सांगलीला एम.एस्सी. करत होते. देशाचा धूर वर्षानुवर्षं कमी होत गेला तर तो कशामुळे, हा आमच्या सरांचा विषय. या गावातलं जळण, म्हणजे धूरही, बरंच घटलं होतं. सरांच्या मते ते सरकारी योजनेतल्या सुधारित चुलींचं यश. कशामुळे किती घटलं ते वेगळं काढायचं काम माझं: चूल, इंधन, माणसं.

मावशींच्या सुधारित चुलीत कांदे ठेवलेले होते. स्वयंपाक तीन दगडांवर, एकटीपुरता.

"घरात बाकी कोण?" मी विचारलं.

"पोरगा गलाईला, मद्रासकडं. औंदा सून, नातवंडंबी त्याच्याकडं गेली. ह्या आळीत लय घरांना कुलपंच हायती, बाई."

गलाई म्हणजे सोनं गाळण्याचा धंदा. कोंदट खोलीत दिवसभर कोळशाची भट्टी.

"खोकतोय लय," त्या म्हणाल्या. मग मलाच विचारलं, "पर हितला धूर कमी झाला, ते चांगलंच झालं न्हवं?"

मी काट्यावरचा आकडा वहीत उतरवला.

सांगलीला येऊन हिशोब मांडला. चुलीच्या वाट्याला जवळजवळ काहीच आलं नाही. घटलं होतं ते माणसांमुळे, आणि त्यांचा धूर देशातून गेलाच नव्हता, दुसऱ्या राज्यात जाऊन कोळशाचा झाला होता. पुन्हा पुन्हा तपासलं. वाटलं, जिथं जिथं कमी झालं म्हणतात, तिथं असंच कुणीतरी दाराला कुलूप लावून गेलेलं असणार. मग इतकं शिकून मी नक्की काय मोजणार होते?

विभागातल्या चर्चासत्रात सर म्हणाले, "हे गाव देशाला वाट दाखवेल." टाळ्या पडल्या. त्याच चुली आता पाटणकडच्या गावांत द्यायच्या, असंही ठरत होतं. सर माझ्याकडे वळले.

"काय, बरोबर ना?"

माझ्या प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती.

"सर," मी म्हणाले, "त्या घरांत आता कुणी राहत नाही."