साचेवाल्यांसाठी बोलका कॉम्प्युटर

पडदा वर जातो. रंगमंचावर भोईवाड्यातलं एक मोफत वाचनालय. सकाळची वेळ. उजवीकडे वर्तमानपत्रांचं तिरकं मेज, मध्ये लांबलचक बाकं, पाठीमागे पुस्तकांची कपाटं. आणि डाव्या कोपऱ्यात, जिथे भर दिवसाही दिवा लावावा लागतो तिथे, प्लॅस्टिकच्या चादरीखाली झाकलेला कॉम्प्युटर. विंगेतून प्रवेश करते ती मंजुळा घाडी. खांद्याला पर्स, हातात किल्ल्यांचा जुडगा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. खिडक्या उघडायच्या आधी ती कोपऱ्यात जाते, चादर काढते, बटण दाबते आणि मशीन जागं होईपर्यंत त्याच्याशी बोलत उभी राहते.

"ऊठ रे बाबा. माणसं यायची वेळ झाली."

हा प्रवेश तिच्या अंगवळणी पडला होता. गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मंजुळा नुकती मॅट्रिक होऊन घरी बसलेली. वडील गिरणीत फोल्डिंग खात्यात, कापडाच्या घड्या घालायच्या कामावर. संपात तेही घरी बसले. वाचनालयात एक हात हवा होता, म्हणून मुलगी तिथे चिकटली. "संप मिटेपर्यंतच हं," असं आईने बजावलं होतं. संप काही मिटला नाही, आणि मंजुळाही वाचनालयातून उठली नाही.

त्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसे. हाताला काम नसलेली माणसं पेपरच्या एकेका पानासाठी ताटकळत उभी असायची. पुढे गिरण्या गेल्या, माणसं पांगली, कोणी गावी गेलं, कोणी वॉचमन झालं. वाचनालय ओस पडेल असं सगळे म्हणू लागले. मंजुळाने मनावर घेतलं. माणसांना जे लागेल ते इथे मिळालं पाहिजे, मग ती येतील. मुलांना अर्ज टाइप करून हवे होते, तेव्हा ती टाइपरायटर शिकली. एका बँकेने जुने कॉम्प्युटर काढून टाकले, तेव्हा त्यातला एक टॅक्सीत मांडीवर घेऊन आली आणि दादरच्या क्लासमध्ये विशीतल्या पोरांशेजारी बसून शिकली. मग नेट आलं. दहावीच्या निकालाच्या दिवशी वाचनालयासमोर जत्रा भरू लागली. आखातात गेलेल्या मुलाचा चेहरा पडद्यावर पाहून एखादी आई पदराने तो पडदाच पुसायची.

कार्यवाह अप्पा तिची टर उडवायचे. "मंजुळे, गेल्या महिन्यात नवीन काहीतरी घातलंस ना त्यात? परत काय घालतेस? लग्नाचं बघायचंय का आता त्याच्या?"

"अप्पा, तुम्ही कालचा पेपर आज लावाल का मेजावर?"

"छे."

"मग मशीन कसं शिळं ठेवू?"

अप्पा हात जोडून निघून जात. भांडण तिथेच मिटे.

पण ह्या गोष्टीचा नायक कॉम्प्युटर नव्हे. नायक आहे लवूकाका तावडे. गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा. संपाच्या दिवसांपासून रोज येणारा वाचक. धोतर स्वच्छ, टोपी तिरकी, पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे आणि मग मंजुळासमोर बसून जगाचा निकाल लावायचे. वडील गेल्यावर हीच एक खुर्ची तिला घरची वाटायची.

सत्तरी उलटली आणि काकांचे डोळे गेले. आंधळे झाले नव्हते, पण समोरचं पुसट व्हायचं. डोळ्यांचा पडदा झिजलाय, चष्म्याचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. काका पेपर नाकाला लावून बसायचे आणि थोड्या वेळाने नुसतेच हातात धरून राहायचे. पान उलटायचे, म्हणजे कोणी विचारू नये.

मंजुळाच्या ते लक्षात आलं आणि तिचं कशात लक्ष लागेना. हा माणूस इथून उठला तर पुन्हा यायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने फोन केले, एका संस्थेत चकरा मारल्या आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं बोलकं सॉफ्टवेअर मिळवलं. मराठीही वाचायचं, जरा नाकातून बोलल्यासारखं, पण वाचायचं. तिने काकांना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला आणि समोर वाकून विचारलं, "येतंय ना ऐकू?"

काकांनी मान डोलावली. "बेस आसा."

मंजुळाच्या पायांना पंख फुटले. रोज सकाळी काका यायचे, कानांवर हेडफोन घालायचे, अधूनमधून मान डोलावायचे आणि जाताना वायर नीट गुंडाळून ठेवायचे. तिने आणखी दोन म्हाताऱ्या साचेवाल्यांना आणलं. तेही डोलले. अप्पांनी समितीच्या बैठकीत तिचं कौतुक केलं.

आणि एके दिवशी काका आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आठवडा गेला.

मंजुळा त्यांच्या चाळीत गेली. तळमजल्यावरची खोली, शेजारच्या भिंतीने सगळा उजेड अडवलेला. काका खाटेवर बसले होते. तिला पाहून हसले.

"काका, ताप आलाय की पाय दुखतोय?"

काकांनी मान डोलावली.

"अहो, कुठलं? ताप की पाय?"

पुन्हा तीच गोड मान. आत तांदूळ निवडत बसलेल्या लक्ष्मीकाकी बाहेर आल्या.

"अगो बाय, काय विचारतंस तू तेंका? ह्यांका खंय ऐकाक येता! तीस वर्षां साच्यावर काढली, कान थंयच ठेवून इले."

"पण काकी, हेडफोनवर तर मान डोलवायचे!"

"साचे खात्यात मुकादम जॉबर काय बोलता ता कोणाक ऐकाक येय? मान हलवची आणि कामाक लागाचा. ती सवय. हेडफोनात माशी घोंगावता म्हणायचे घरी येवन." काकी हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, "आणि तू एवढ्या हौसेन केलंस. तुका नाय कसा म्हणतले?"

मंजुळाचे वडील फोल्डिंगमधले, तिथे साच्यांचा आवाज पोचत नसे. तिला हे कधी कळलंच नव्हतं. "मग माझ्याशी इतकी वर्षं गप्पा मारल्या त्या?"

"तुझ्या तोंडाकडे बघून. सगळे साचेवाले तसेच, ओठ बघून समजतत. आता ओठव दिसनत नाय. म्हणान घरात बसतत."

म्हणजे डोळ्यांबरोबर पेपर गेला होता एवढंच नव्हे. माणसंच गेली होती. काका खाटेवर बसून दोघींकडे आलटून पालटून बघत होते आणि बोलणं आपल्याबद्दलच चाललंय हे ओळखून, त्रास नको म्हणून, मान डोलावत होते. मंजुळाने त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

निघताना काकी दारापर्यंत आल्या, आणि नवऱ्याची तक्रार केल्याशिवाय त्यांना राहवेना. "बघ ना, भातातलो खडो दिसना नाय. पण हिंदमाताक गेलव तर साड्यांच्या दुकानांच्यो पाट्यो मोठ्यान वाचीत चलतत. लोक वळान बघतत."

मंजुळा उंबऱ्यावरच थांबली. "पाट्या दिसतात?"

"मोठ्यो असल्यो तर."

दुसऱ्या दिवशी वाचनालय अर्धा दिवस अस्ताव्यस्त होतं. मंजुळाने अप्पांना आणि दोन विद्यार्थ्यांना कामाला लावून कॉम्प्युटरचं टेबल कोपऱ्यातून खिडकीपाशी ओढलं. अक्षरं मोठी करायची सोय त्या मशीनमध्ये पहिल्यापासून होती. नव्याच्या मागे धावताना तिने ती कधी उघडूनही पाहिली नव्हती. आता उघडली. काळ्यावर पिवळी अक्षरं, बोटभर उंच. एका वेळी पडद्यावर तीनच शब्द मावत, पण शब्द कसे, दुकानाच्या पाटीसारखे!

काकींनी काकांना हाताला धरून आणलं. काका खुर्चीत बसले आणि सवयीने हेडफोन शोधू लागले. मंजुळाने तो केव्हाच कपाटात टाकला होता. ती शेजारी बसून टाइप करू लागली. पडद्यावर अक्षरं उमटली: काका, हे दिसतंय?

काकांनी मान डोलावली.

मंजुळाने ओठ चावला आणि पुन्हा टाइप केलं. नुसती मान नको. वाचून दाखवा.

काका पुढे झुकले. त्यांचे ओठ हलले. आणि साच्यांच्या खडखडाटावरून पलीकडच्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात त्यांनी वाचलं, "नुसती! मान! नको! वाचून! दाखवा!"

सगळं वाचनालय दचकलं. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एकाची पेन्सिल घरंगळत बाकाखाली गेली. काकांना त्यातलं काही कळलं नाही. ते पडद्याकडे बघत होते. मग मंजुळाकडे वळून, तेवढ्याच मोठ्याने, लटक्या रागाने म्हणाले, "कोण गो मान हलवता? मी?"

लक्ष्मीकाकींनी तोंडाला पदर लावला. मंजुळाला उत्तर टाइप करायला अक्षरं सापडेनात, कीबोर्ड धूसर झाला होता. तिने डोळे पुसले आणि त्या दिवसाचा पेपर उघडला. पहिल्या पानावरची पहिली बातमी, तीन तीन शब्दांनी, संथपणे सरकू लागली. काका वाचू लागले. अडखळले, सावरले, मग लय सापडली. मध्येच थांबून सरकारला एक शिवी दिली, पुन्हा पुढे निघाले. बाकांवरचे ते दोन म्हातारे साचेवाले उठून त्यांच्या पाठीमागे येऊन उभे राहिले, पडद्याकडे डोळे लावून.

अभ्यास करणारा मुलगा चुळबुळला. अप्पांनी घसा खाकरला आणि भिंतीवर टांगलेल्या "शांतता राखा" पाटीकडे बोट दाखवत ते मंजुळाजवळ आले. "मंजुळे, अगं, नियम आहे आपला. सांग त्यांना हळू वाचायला."

मंजुळाने मागे वळूनही पाहिलं नाही. तिचं बोट पुढची ओळ सरकवण्यात गुंतलं होतं.

"अप्पा, थोडा वेळ ती पाटी उतरवून ठेवा. काका पेपर वाचतायत."