कुरणाच्या ठरावावर माझी सही

सरपंच असताना मी एकदा न वाचता सही केली. त्या सहीत गावाचं अर्धं कुरण गेलं.

किती बावळट होते, ऐका. जागा राखीव निघाली म्हणून आमच्या वस्तीतली बाई, म्हणजे मी, सरपंच झाली. त्या बाईला सहीचं भारी कौतुक. लेकीच्या पाटीवर महिनाभर गिरवलेली. शेवटच्या अक्षराला शेपूट काढायची, मोराला काढावं तसं! वाचता यायचं, पण अडखळत. चारचौघांत अडखळायची लाज वाटे.

ग्रामसेवक ठरावबुक घेऊन घरी आला. सोबत उपसरपंच, ते गावातले मोठे शेतकरी. त्यांचे पाय माझ्या दाराला पहिल्यांदाच लागले. मी हुरळले. चहा केला.

"आज उपास हाय, बाई," उपसरपंच म्हणाले.

कपाला हात लावला नाही. त्यांच्या दातांत सुपारी होती. मला कळलं, उपास कसला ते. कळूनही हसले. साय धरलेला कप मीच उचलून बाजूला ठेवला, बुक ठेवायला जागा व्हावी म्हणून. आणि सही केली. शेपटासकट.

गावाबाहेरची ती टेकडी ई-क्लासची, म्हणजे सरकारी चराईची. आधीच्या पंचायतीनं तहसीलला खेटे घालून ती राखायला मागून घेतली होती. दसऱ्यापर्यंत आत ढोर सोडायचं नाही, मग गवत कापून घरोघर वाटायचं. तितरं अंडी घालत तिथं. आमच्या वस्तीत शेत कोणालाच नाही, बकऱ्या त्या गवतावरच जगत. आणि मी सही केली ती कशावर? 'कुरणाची गरज उरली नाही. मुरूम काढण्यास ग्रामसभेची हरकत नाही.' ती ग्रामसभा झालीच नव्हती.

आठ दिवसांत जेसीबी आला. बकऱ्या राखणारी माझी शेजारीण चंद्रकला धावत आली. "काहून वं, तूच सांगतलं म्हणते खोदाले?"

मी पंचायतीत गेले. पाचसहा माणसं बसलेली. उपसरपंचांनी बुक उघडून माझ्यापुढे धरलं.

"सही कोनाची हाय?"

"माहीच."

"मंग बोंबलता काहून? लय सुंदर काढली बरं. अशाच काढत जा."

सगळे हसले. सांगायला आजही लाज वाटते, त्यांच्याबरोबर मीही हसले.

घरी आले. ते हसू तोंडावरून निघेना. तोंड धुतलं, तरी निघेना.

सरपंचाला ग्रामसभा बोलावता येते, हे मला त्या आठवड्यात कळलं. खुर्चीत बसून वर्ष झाल्यावर! बोलावली. उठून उभी राहिले तसे उपसरपंच कानाशी पुटपुटले, "बोललीस त पद जाईन." तुमीची तू झाले.

मी तो ठराव मोठ्यानं वाचला. अडखळत. कोणीतरी हसलं. थांबले नाही. मग म्हटलं, "ही सभा झाली नाही. मी न वाचता सही केली. चूक माही हाय, अन् ठराव खोटा हाय."

हात वर झाले, ठराव रद्द झाला. जेसीबी गेला. अर्धी टेकडीही गेली होती. माझ्यावर चौकशी लागली. लागू दे. आता घरी गॅसचा कागद आला तरी मोठ्यानं वाचल्याशिवाय सही नाही. नातवंडं कंटाळून पळतात. पळोत!

ग्रामसभा झाली त्या संध्याकाळी खड्ड्याच्या काठावर मी चंद्रकलापुढे रडले, हात जोडले. तिनं हात खाली केले आणि म्हणाली, "माफी-बिफी ठेव तुह्यापाशी. उरलेल्या कुरणात दोन सालं कोनाचंच ढोर जानार नाही, तू अन् मी राखू. तुही बकरी आत दिसली न, त पह्यले तिलेच कोंडवाड्यात घालीन, सरपंचबाई."