सूर्यभानने पाहिलेलं काळीज

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षी अमरावतीत बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या आणि सूर्यभानच्या डोक्यात शहाणपण चढलं. बैलांचं पुढे निभावलं.

सूर्यभान दवाखान्यातला गडी. डॉक्टर वामनराव दोन विद्यार्थ्यांना वैद्यकी शिकवत. त्यासाठी विहिरीतले बेडूक धरून आणायचे ते याने. फळीवर बेडूक उताणा, चारी पायांत टाचण्या. पोटाची कातडी कापून फाकवली की आत काळपट यकृत, त्याच्या वर चिंचोक्याएवढं काळीज. एकदा डॉक्टरांनी ते काढून बशीत ठेवलं. बेडूक मेलेला, काळीज मात्र धडधडत होतं.

"प्राण गेला तरी हे काही वेळ चालतं," डॉक्टर म्हणाले. सूर्यभान तेवढंच ऐकून घाण पाणी फेकायला बाहेर गेला. माणसाचं असं नसतं, हे पुढचं वाक्य त्याच्या कानावर पडलंच नाही. ते पाणी घटकाभर तसंच राहिलं असतं तर काय बिघडलं असतं, असं वाटून आजही माझा जीव जळतो.

बाजारात गाडीवानांना गोळा करून तो ही गोष्ट रंगवून सांगे. आधी लोक हसले, मग ऐकू लागले.

उन्हाळ्यात अकोल्याकडून आलेल्या कापसाच्या गाड्यांबरोबर पटकीची साथ आली. घरोघरी तिरड्या बांधल्या जाऊ लागल्या. डॉक्टरांना उसंत नव्हती, म्हणून लोक सूर्यभानलाच बोलावत. तो छातीवर हात ठेवी, थोडं थांबे आणि म्हणे, "गेला. उचला." अशी किती माणसं उचलली गेली, याचा विचार मला करवत नाही.

मग त्याची बायको जमुना आजारी पडली. उलट्या-जुलाबांनी दुपारपर्यंत तिचं अंग गार पडलं, डोळे खोल गेले, नाडी लागेना. तिची बहीण वच्छला छातीला कान लावून बसली होती.

"भाऊजी, वाजून राहिलं! बंडी जुंपा, दवाखान्यात नेऊ तिले."

"वाजतेच थे," सूर्यभान रडत म्हणाला. जमुनावर त्याचा फार जीव होता. "मेल्यावरबी वाजते. म्या माह्या डोयानं पायलं. तिचे हाल नको करू आता."

लोकांनी त्याचंच ऐकलं. दवाखान्यातल्या माणसापुढे वच्छलाचं कोण ऐकणार?

बायका घाटावर जात नाहीत, वच्छला गेली. चितेवर ठेवताना तिने एकच आकांत केला, तेव्हा तिची समजूत पटावी म्हणून सूर्यभानने जमुनाच्या छातीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"हे पाय, वच्छला," तो हळूच म्हणाला, "थांबलं आता."

वच्छलाचं रडणं बंद झालं.

"मंग मघापासून कोनाले बांधून आनलं आपन?"

सूर्यभानचा हात तिथेच राहिला.